प्लग किती नव्हे, कुठे: साखळीच्या जुन्या घरातलं नवं वायरिंग

गोव्यातल्या साखळीचं आमचं घर चिऱ्याचं. वर मंगळुरी कौलं, मधे राजांगण आणि त्याच्या चहूबाजूंनी खोल्या. गावात वीज आली तेव्हा केलेलं वायरिंग परवापरवापर्यंत चालू होतं. लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवलेल्या वायरी, काळे बॅकेलाइटचे गोल स्विच, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. प्रत्येक खोलीत दाराशेजारी छातीच्या उंचीवर एक लाकडी बोर्ड, त्यावर दोन स्विच आणि एक दोन पिनांचा प्लग. अर्थिंगची तिसरी पिन अख्ख्या घरात फक्त फ्रिजच्या मागे होती.

ज्यांनी ते केलं त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. खोलीला एक दिवा, एक पंखा, फार तर रेडिओ एवढीच तेव्हाची गरज. गरजा वाढल्या, बोर्ड मात्र तेवढेच राहिले आणि मधली सगळी जागा एक्स्टेन्शननी भरून काढली. सोप्यावर, म्हणजे पुढच्या बैठकीच्या जागेत, टीव्हीच्या मागे एका एक्स्टेन्शनमध्ये दुसरं खोचलेलं, त्याला राउटर, सेट टॉप बॉक्स आणि डासांचं मशिन. स्वयंपाकघरात मिक्सरची वायर खिडकीच्या गजावरून घेतलेली. आईंना (म्हणजे माझ्या सासूबाईंना) रात्री पाणी प्यायला उठताना जमिनीवरची वायर ओलांडून जावं लागायचं. एक बोर्ड उघडला तर आतल्या वायरीवरचं रबर बोट लावताच भुगा होऊन पडलं. मग मात्र सगळं वायरिंग नवं करायचं ठरलं.

वायरमन बाजारातलाच, परवानाधारक ठेकेदाराकडे काम करणारा, हाताने चोख. आल्या आल्या त्याने वही काढली आणि विचारलं, "वहिनी, पॉइंट किती धरू?" त्याचा भाव पॉइंटवर, म्हणजे दिवा, पंखा, प्लग यांच्या जागांवर ठरतो, तेव्हा प्रश्न रास्तच. शेजारीही तेच विचारायचे, हार्डवेअरच्या दुकानातही तेच. पॉइंट कुठे हवेत, हे मात्र कोणीच विचारलं नाही. माझं डोकं पुढे या 'कुठे'मध्येच जास्त गुंतून राहिलं.

आधी नियम काय आहेत ते बघितलं. भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय विद्युत संहिता आहे. तिच्या २०११ च्या आवृत्तीत कुठल्या खोलीत किती सॉकेट असावेत याचा शिफारशीचा तक्ता दिला आहे. झोपायच्या खोलीत लहान सॉकेट दोन ते तीन आणि मोठा एक. बैठकीच्या खोलीत लहान दोन ते तीन, मोठे दोन. स्वयंपाकघरात लहान एक, मोठे दोन. फ्रिजला आणि प्रत्येक एसीला वेगळा मोठा. लहान म्हणजे आताचा ६ अँपिअरचा, मोठा म्हणजे १६ चा. २०२३ मध्ये या संहितेची नवी आवृत्ती आली. तक्ता वाचून पहिली प्रतिक्रिया अशी झाली की हा कुठल्या तरी शहाण्या पण मोबाइल नसलेल्या माणसाने केलाय. स्वयंपाकघरात लहान सॉकेट एक! आमच्याकडे सकाळी वाटप करायला बसलं की मिक्सरच तेवढा एक अडवून ठेवतो.

नणंद न्यू जर्सीत असते. तिने तिकडचा नियम सांगितला आणि मला तो फार आवडला. अमेरिकेच्या इलेक्ट्रिकल कोडमध्ये खोलीला इतके सॉकेट असं नसतं, तर भिंतीच्या कडेने मोजायचं असतं. भिंतीलगतची कुठलीही जागा सॉकेटपासून ६ फुटांपेक्षा लांब असता कामा नये. म्हणजे सलग भिंतीवर दोन सॉकेटमध्ये जास्तीत जास्त १२ फूट. दोन फूट किंवा त्याहून रुंद असलेला भिंतीचा तुकडाही हिशेबात धरायचा. स्वयंपाकाच्या ओट्यावर तर हे अंतर आणखी कमी, कुठल्याही जागेपासून दोन फुटांच्या आत सॉकेट. यामागचा विचार सरळ आहे. दिव्यांच्या, उपकरणांच्या वायरी साधारण सहा फुटांच्या. त्या थेट भिंतीपर्यंत पोचल्या की कोणी एक्स्टेन्शन आणत नाही, आणि दाराच्या वाटेवरून वायरही जात नाही. आग लागण्याच्या, पाय अडकण्याच्या अर्ध्या शक्यता तिथेच कमी होतात.

तो नियम आपल्याला लागू नाही. त्यांची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. त्यांच्या भिंती लाकडी सांगाड्याच्या, आत पोकळ. आमची भिंत हातभर जाडीची. पण मोजायची रीत उचलायला कोणाची हरकत? मी घरातल्या उपकरणांच्या वायरी मोजल्या. मिक्सरची जेमतेम एक मीटर, चार्जरची तेवढीच, टेबल फॅनची दीड, इस्त्रीची त्याहून थोडी लांब. मग दीड मीटरची एक सुतळी कापली आणि अण्णांच्या हाती खडू दिला. सासरे तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले, मोजणी हा त्यांचा आवडता विषय. प्रत्येक खोलीत आम्ही आधी एकच प्रश्न विचारला: इथे कोण बसतं, कोण झोपतं, आणि हातात काय असतं? तिथून सुतळी भिंतीकडे नेली. जिथे पोचली तिथे खडूची फुली.

जुन्या घराचा एक फायदा असा की सामान हलत नाही. शिसवी पलंग चार माणसं लावल्याशिवाय जागचा ढळत नाही, तेव्हा त्याच्या डोक्याशी प्लग दिला तर तो पुढची तीस वर्षं डोक्याशीच राहणार. कपाटांचं उलट. फ्लॅटमध्ये हमखास दिसतं ते दृश्य, कपाटाच्या मागे अडकलेला सुंदर नवाकोरा सॉकेट, इथे टाळता आलं, कारण कपाटं कुठे आहेत ते आधीच माहीत होतं. सोप्यावर मात्र पंचाईत. बाहेर अंगणाकडे एक दार, आत राजांगणाकडे दोन, वर खिडक्या. दारांच्या मधे भिंतीचे लहान लहान तुकडेच उरलेले. तिथे अमेरिकेचा दोन फुटांच्या तुकड्याचा नियम कामाला आला. दोन दारांमधल्या तुकड्यालाही प्लग दिला, नाहीतर वायर दारातूनच गेली असती.

आता उंची. हल्ली नव्या बांधकामांत सॉकेट स्कर्टिंगच्या वर वीतभर बसवतात, दिसायला नीटस. वायरमननेही तसंच खूण केली होती. अण्णा म्हणाले, "नको. वाळवंटी विसरलास?" आमच्या वाड्यात पावसाळ्यात वाळवंटी नदीचं पाणी येतं. दरवर्षी नव्हे, पण जेव्हा येतं तेव्हा विचारून येत नाही. अण्णांना जुन्या पुराची भिंतीवरची रेघ ठाऊक होती, चुना लावून लावून ती पुसली गेली होती तरीही. मग खालच्या सगळ्या खोल्यांत सॉकेट कमरेच्या उंचीवर घेतले. दिसायला थोडे उघडे पडतात हे खरं. पण आईंना गुडघे दुखत असताना वाकावं लागत नाही, हा वरचा नफा. रांगतं मूल आलं तरी हात सहज पोचत नाही. तरीसुद्धा सगळे सॉकेट आतून झडप असलेलेच घेतले, म्हणजे अर्थची पिन आत गेल्याशिवाय खालची दोन भोकं उघडत नाहीत.

स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त वाद झाले. गोव्याच्या स्वयंपाकघरात मिक्सर हे रोजचं अवजार. खोबरं, मिरच्या, धणे घालून वाटप झाल्याशिवाय माशाचं हुमण नाही की आमटी नाही. आईंची वाटपाची जागा ठरलेली, खिडकीजवळ, उजेडात. वायरमनला तिथे प्लग नको होता, कारण शेजारीच सिंक. "वयनी, हांगा नाका" (इथे नको), तो कोकणीत म्हणाला, म्हणजे विषय गंभीर होता. शेवटी सिंक थोडं सरकवायचं ठरलं, आईंची जागा नाही. नळाचे शिंतोडे पोचणार नाहीत एवढं अंतर ठेवलं. शेगडीच्या वर किंवा मागे काहीच नाही, कारण तिथे गरम कढईवरून हात न्यावा लागतो आणि वाफ, तेल सगळं सॉकेटमध्ये बसतं. ओट्याच्या वर साधारण वीतभर अंतरावर सॉकेटची रांग.

वायरमनने इथे एक हिशेब फार चांगला समजावला. ६ अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे १३८० वॅट. लहान सॉकेटची झेप तेवढीच. मिक्सर साडेसातशे वॅटचा, तो बसतो. हजार वॅटची इस्त्रीही बसते. पण दीड हजाराची किटली बसत नाही, आणि गॅस संपला की बाहेर निघणारी दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी तर मुळीच नाही. ती जवळपास ९ अँपिअर खेचते. मोठी पिन लहान सॉकेटमध्ये जाऊ नये म्हणूनच ती जाडी असते, पण बाजारात दोन्ही पिना चालणारे सॉकेट आणि अडॅप्टर मिळतात आणि त्या जाडीचा हेतूच मारला जातो. म्हणून ओट्यावर मोठे सॉकेट जास्त घेतले. त्या २०११ च्या संहितेत एका पॉवर सर्किटवर (एका ब्रेकरवरच्या वायरिंगवर) दोनपेक्षा जास्त मोठे सॉकेट नकोत असं होतं. दिवे, पंखे आणि लहान सॉकेट यांच्या सर्किटवर मिळून दहा पॉइंट आणि ८०० वॅट ही मर्यादा. त्यामुळे एकट्या स्वयंपाकघरातून दोन सर्किट निघाली, फ्रिजचं आणखी वेगळं. फ्रिजचा वेगळा ब्रेकर का, याचं उत्तर प्रत्येक गोंयकाराला माहीत आहे. न्हाणीतल्या कुठल्या तरी विजेच्या गळतीने घरभरची वीज गेली आणि घरी कोणी नसलं, तर आत ठेवलेल्या इसवणाचं (सुरमईचं) काय होईल?

देवाच्या खोलीत पूर्वी एकही प्लग नव्हता. चवथीला वायर शेजारच्या खोलीतून खिडकीतून यायची, मखराच्या मागून फिरायची, आणि तिच्यावरून पाटावर चढ-उतार. जे काम वर्षात दीड, पाच किंवा सात दिवस लागतं त्यासाठी भिंत कशाला फोडायची, असं अण्णांचं म्हणणं. माझं म्हणणं उलट होतं. घरात सगळ्यात जास्त माणसं, सगळ्यात जास्त कागद आणि कापड, समया आणि तात्पुरत्या वायरी एका जागी येतात ते याच दिवसांत. वर माटोळी. लाकडी चौकटीला बांधलेले नारळ, सुपाऱ्या, कांगला, रानातली फळं, पानं; सगळं ताजं, ओलं, थेंब गाळणारं. तिच्या खाली सॉकेट देता येत नाही. मखराच्या दोन्ही बाजूंना, माटोळीच्या चौकटीबाहेर, डोक्याच्या उंचीवर एकेक सॉकेट आणि त्यांचा स्विच दाराशी, अशी मांडणी निघाली. रात्री आरत्या संपल्या की दारातूनच सगळी रोषणाई बंद. समई जिथे राहते तिथून हे लांब आहे ना, ते आईंनी समई ठेवून पाहिलं.

न्हाणीबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे वाद घालायला जागाच नाही. न्हाणीत १३० सेंटिमीटरच्या खाली सॉकेट नको, आणि अंघोळीच्या जागेपासून जेवढा दूर तेवढा बरा. गीझरचा सॉकेट उंचावर, त्याचा स्विच बाहेर, वायर ४ चौरस मिलिमीटरची. वॉशिंग मशिन न्हाणीबाहेरच्या पडवीत नेलं. तांब्याचं भाण अजून चुलीवर आहे आणि अण्णा अजून त्यातलंच पाणी घेतात, तेव्हा गीझरची खरी परीक्षा व्हायचीच आहे.

चिऱ्याच्या भिंतीला झरी (वायरीच्या पाइपसाठी खाच) मारणं हे वेगळंच प्रकरण. जुना चिरा हवेने कडक झालेला, पण मधला सांधा मातीचा. छिन्नी-हातोड्याने ठोकलं की दोन चिरे पलीकडची माती सुटते. म्हणून कटरने आधी दोन रेघा मारून मधलाच भाग काढला, आणि आडव्या लांब झऱ्या टाळल्याच. पाइप भिंतीच्या माथ्यावरून नेला आणि प्रत्येक सॉकेटसाठी सरळ उभा खाली उतरवला. भिंत कमी दुखावली, शिवाय घरात आता एक पक्का नियम झाला: सॉकेटच्या बरोबर वर खिळा मारायचा नाही, बाकी भिंत मोकळी. गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीशी टेप धरून मी फोटो काढून ठेवले. कौलांखालून जाणारा पाइप जाड आणि तोंडं बंद, कारण उंदरांना इन्शुलेशन कुरतडायला फार आवडतं.

अर्थिंगच्या खड्ड्यावरून आई आणि वायरमन यांची जुंपली. जांभी जमीन उन्हाळ्यात कोरडीठाक होते आणि कोरड्या जमिनीत वीज नीट उतरत नाही, तेव्हा बारा महिने ओल असलेली जागा हवी. वायरमनच्या नजरेने ती लगेच हेरली: तुळशीवृंदावनाची बाजू, जिथे रोज पाणी पडतं. आईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढचं वाक्य त्याने गिळलंच. मग न्हाणीच्या मागे केळी आहेत, सांडपाणी तिथे जातं, तिथे खड्डा खणला. कोळसा, मीठ, पाइप, वर झाकण. प्रत्येक सॉकेटच्या वरच्या मोठ्या पिनेपर्यंत हिरवी वायर तिथून आली आहे, नुसती पिन दाखवायला नाही, हे मी टेस्टर आणि बल्ब लावून बघून घेतलं. समोरून पाहिलं की उजवीकडे फेज (वीज आणणारी वायर), डावीकडे न्यूट्रल (परतीची). ते उलट बसवलेले दोन सॉकेट त्याच वेळी सापडले आणि वायरमनने तिथल्या तिथे फिरवले.

डीबीमध्ये, म्हणजे सगळे ब्रेकर असतात त्या पेटीत, ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे स्विच. एक सगळ्यांवर न टाकता तीन टाकले, न्हाणी, पडवी आणि विहिरीचा पंप एकावर, उरलेलं दुसऱ्यावर. तिसरा फ्रिजला, त्याचा स्वतःचा. पंपाचा सॉकेट झाकणाच्या जलरोधक पेटीत असला तरी जुलैमध्ये ओल शिरायची ती शिरतेच, आणि मग अंधार फक्त मागच्या बाजूला होतो. इन्व्हर्टरने मात्र छळलं. त्यावर चालणाऱ्या पंख्यांचा न्यूट्रल कुठेतरी दुसऱ्या सर्किटशी मिसळला होता आणि आरसीसीबी सारखा पडायचा. दोष आरसीसीबीचा म्हणून तो काढून टाका, असा सल्ला देणारी माणसं तेव्हा भरपूर भेटली. न्यूट्रल वेगळा केल्यावर पडणं थांबलं. गेटजवळ स्कूटर चार्ज करायला एक मोठा सॉकेट छपराखाली घेतला आहे. स्कूटर अजून पेट्रोलचीच आहे.

सगळं झाल्यावर ठेकेदाराने ५०० व्होल्टच्या मेगरने तपासणी केली. उपकरणं सगळी काढून ठेवली आणि वायर ते अर्थ इन्शुलेशन किती मेगओहम ते पाहिलं. पडवीच्या सर्किटचा आकडा कमी आला, कारण तिथला गिलावा अजून ओला होता. भिंत वाळू दिली, पुन्हा मोजलं, आकडा चढला, तेव्हाच अहवालावर सही झाली. तो अहवाल जोडून वीज खात्याकडे मंजूर भार वाढवायचा अर्ज दिला आहे, कारण दोन एसी आणि गीझर जुन्या भारावर चालवणं शहाणपणाचं नाही.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं असतं, हे कोणाच्या लक्षात राहणार असा प्रश्न होता. आईंनी ते संकष्टीला जोडून टाकलं. सकाळी देवपूजा आटोपली की त्या डीबीचं झाकण उघडतात, एकेक बटण दाबून पुन्हा वर करतात, आणि आतून कोणीतरी ओरडतं की वायफाय गेलं.